हिवरे बाजार: एकट्याच्या संयमाचा हिशेब

महाराष्ट्रात विस्ताराने सर्वांत मोठा जिल्हा कोणता, असे विचारले असता पुष्कळांस नगरचे नाव चटकन आठवत नाही. सतरा हजार चौरस किलोमीटरांचा हा जिल्हा २०२४ सालापासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो. परंतु नावापेक्षा मौजेची गोष्ट अशी की, या एका जिल्ह्यात जणू दोन निरनिराळे मुलूख नांदत आहेत. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीची मुख्य रांग, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आणि आषाढ-श्रावणात दिवस दिवस न उघडणारा पाऊस. तेथून पूर्वेची वाट धरावी, तो ढग पोकळ होत जातात, भाताची खाचरे संपतात, बाजरी व ज्वारी दिसू लागते. आणि पारनेर-नगरच्या पठारावर येईपर्यंत पाऊस हा पाहुण्यासारखा होतो. आला तर आला, न आला तर त्याची वाट पाहावयाची.

या दुसऱ्या मुलखातील एका लहानशा गावाविषयी आज आमच्या वाचकांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. गाव प्रसिद्ध आहे आणि त्याची स्तुती पुष्कळांनी केली आहे. त्या स्तुतीत आणखी भर घालावी असा आमचा हेतू नाही. पाणी सर्वांचे, हवा सर्वांची. अशा समाईक वस्तूच्या बाबतीत एकट्यानेच संयम पाळला तर त्यात त्याचे हित होते की तो केवळ फसतो, हा प्रश्न आज गावापासून राष्ट्रापर्यंत सर्वांपुढे आहे. या प्रश्नाचा हिशेब मांडण्यास हिवरे बाजारासारखे दुसरे सोयीचे स्थळ आमच्या पाहण्यात नाही.

पावसाळा नुकताच सरला असता आम्ही सहकुटुंब नगरास गेलो होतो, तेव्हा हे गाव पाहण्याचा योग आला. नगर शहरापासून ते पश्चिमेस सुमारे १७ किलोमीटरांवर आहे. वाटेवरचा देखावा नगरकडील माणसास सवयीचाच: मुरमाड माळ, बाभळी, मध्येच एखाद्या विहिरीच्या आधाराने हिरवे झालेले कांद्याचे वाफे, आणि क्षितिजावर बोडके डोंगर. गावाच्या शिवारात शिरताच मात्र डोंगरांचा रंग बदलतो. उतारावर गुडघाभर गवत उभे होते, त्यातून आडव्या रेघा ओढल्याप्रमाणे समपातळी चर खणलेले दिसत होते, आणि चरांच्या काठांनी झाडे वाढलेली होती. गावातील रस्ते झाडून स्वच्छ, घरे नीटनेटकी, शाळेच्या आवारात मुलांचा गलबला. श्रीमंती डोळ्यांत भरेल असे काही नाही. टापटीप मात्र पावलोपावली दिसते.

पन्नास वर्षांपूर्वी येथे असे काही नव्हते. १९७२ च्या दुष्काळाने गावाचा कणा मोडला. डोंगरावरील झाडे तोडून झाली होती. माती धुपून ओढ्याला लागली होती. विहिरी हिवाळ्यातच कोरड्या पडत. ज्यांना शक्य झाले ते मजुरीसाठी नगर, पुणे, मुंबईकडे गेले. जे मागे राहिले त्यांपैकी काहींनी हातभट्टीच्या दारूचा धंदा धरला. सरकारी नोकरास या गावी बदली म्हणजे शिक्षा वाटे, असे सांगतात. १९८९ साली गावाने श्री. पोपटराव पवार या वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर पदवीधर तरुणास सरपंच निवडले, आणि तेथून दिशा पालटली. (त्यांस २०२० साली पद्मश्री हा किताब जाहीर झाला.) शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगण सिद्धी येथे श्री. अण्णा हजारे यांनी १९७५ नंतर केलेले काम डोळ्यांसमोर होतेच. त्याच धर्तीवर राज्य सरकारने १९९२ साली आदर्श गाव योजना काढली आणि हिवरे बाजार तीत सामील झाले.

योजनेचे नियम पाच: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान. यांपैकी श्रमदानाचे छायाचित्र वर्तमानपत्रांत छापून येते. पहिल्या दोहोंचे येत नाही, कारण जे केले नाही त्याचे चित्र कसे घ्यावयाचे? सरकारने पाणलोटाच्या कामासाठी सुमारे ४२ लक्ष रुपये खर्च केले. चर, नालाबांध, पाझर तलाव झाले. पण गावाने पुढे स्वतःच्या बुद्धीने आणखी काही नियम घालून घेतले, आणि आमच्या मते खरे मर्म त्यांतच आहे. शेतीच्या पाण्यासाठी खोल कूपनलिका, म्हणजे ज्यास सर्वजण बोअर म्हणतात ती, घ्यावयाची नाही. ऊस व केळी लावावयाची नाहीत. गावची जमीन बाहेरच्यास विकावयाची नाही.

याशिवाय एक पद्धती अशी आहे की, तिच्याकडे गृहिणींनी अवश्य लक्ष द्यावे. ज्याप्रमाणे महिन्याच्या प्रारंभी घरातील मिळकत पाहून वाणसामानाची यादी करावी, त्याप्रमाणे हे गाव २००४ च्या सुमारापासून दर वर्षी पाण्याचा जमाखर्च मांडते. पर्जन्यमापकावर पाऊस मोजतात. ठरावीक विहिरींची पातळी पाहतात. राज्याच्या भूजल खात्याचे साह्य घेऊन किती पाणी जमिनीत मुरले याचा अंदाज काढतात. मग ग्रामसभेत वाटप ठरते. प्रथम माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूस काढावयाचे. जे उरेल त्याचे सुमारे शेकडा सत्तर पिकांस द्यावयाचे आणि शेकडा तीस जमिनीतच शिल्लक टाकावयाचे. पाऊस कमी झाला तर त्या वर्षी कोणते पीक घ्यावयाचे नाही, हेही तेथेच सांगितले जाते. वर्षाकाठी चारशे मिलिमीटरांच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी पाऊस पडणाऱ्या गावाने शिलकेची गोष्ट बोलावी, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. परंतु ज्या घरात मिळकत तुटपुंजी, त्याच घरात हिशेबाची वही सर्वांत जास्त लागते.

याचे फळ काय मिळाले? १९९५ साली गावातील १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० पर्यंत ती संख्या तीनवर आली. पूर्वी रोजचे दूध दीडशे लिटरांच्या आसपास निघे, ते चार हजारांच्या घरात गेले. बाहेर गेलेल्या घरांपैकी कित्येक परत आली. हे आकडे अनेकदा प्रसिद्ध झाले आहेत. आमचा प्रश्न त्यांच्या पुढचा आहे.

आमच्या वाचकांपैकी ज्यांची गावी शेती आहे, त्यांस समाईक विहीर म्हणजे काय हे सांगणे नलगे. चार भावांची एक विहीर असते. थोरल्याने जपून पाणी घेतले, तर उरलेले पाणी विहिरीत राहत नाही. ते धाकट्याच्या उसाला जाते. मग थोरलाही म्हणू लागतो की, जपून काय मिळवले? मोटार चालू करा. अशा रीतीने चारही शहाणे भाऊ मिळून एक वेडेपणा करतात, आणि वैशाखात चौघेही टँकरची वाट पाहत बसतात. घरात वडील माणूस असेल तर तो पाळी लावून देतो. पण जमिनीच्या पोटातील पाण्याला असा वडील कोण? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने प्रत्येक जमीनमालकास आपल्या जमिनीखालचे पाणी घेण्याचा हक्क मानला. खालचे पाणी हद्दीचे दगड ओळखत नाही, याचा विचार त्यात नाही. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा स्वतंत्र कायदा केला, तो २०१४ साली अमलात आला आणि साठ मीटरांहून खोल विहिरींस त्याने शेतीसाठी मनाई केली. परंतु रात्री येऊन सकाळी जाणाऱ्या बोअरच्या गाडीमागे कायदा किती धावणार?

मग हिवरे बाजारने एकट्याने संयम पाळला, तरी ते फसले कसे नाही? याचे पहिले कारण ग्रामसभेत नसून खडकात आहे. दख्खनचा काळा पाषाण गंगेच्या खोऱ्यातील गाळासारखा नव्हे. गाळाच्या प्रदेशात भूमिगत पाणी कोसच्या कोस सलग पसरलेले असते. एकाने राखले तर ते शेकडो गावांत वाटले जाते. आपल्याकडे पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधील सांध्यांत. ही भांडी लहान लहान असतात. आपल्या डोंगरावर जिरवलेले पाणी बव्हंशी आपल्याच शिवारातील विहिरींना लागते. म्हणजे राखणाऱ्याच्या श्रमाचे फळ राखणाऱ्याच्याच पदरात पडते. खोल बोअर ही नैसर्गिक मर्यादा मोडते. ती खालच्या भेगांतून दूरचे व जुने पाणी ओढू शकते. म्हणूनच बोअरबंदी हा या गावच्या नियमांचा कणा आहे. भांडे लहान असेल तर त्याची राखण करता येते. त्याला खालून भोक पाडले की राखणीत अर्थ उरत नाही.

तथापि हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चराईबंदी केल्याने शेळ्यामेंढ्या नाहीशा होत नाहीत. त्या शेजारच्या डोंगरावर जाऊ शकतात. एका गावाचा डोंगर हिरवा होताना दुसऱ्याचा अधिक उघडा पडला, तर जिल्ह्याच्या दृष्टीने जमा किती आणि खर्च किती? शिवाय शेळी ही गरिबाची गाय. डोंगर बंद झाला की ज्याला शेत नाही त्याचा चारा प्रथम बंद होतो. हिवरे बाजारने याला तोड काढली ती अशी की, जनावर डोंगरावर न्यावयाचे नाही, पण गवत विळ्याने कापून आणण्यास मोकळीक द्यावयाची. गवत वाढले, शेळीच्या जागी दुभते जनावर आले, आणि दुधाचा आकडा वर गेला तो याच वाटेने. पण ही तोड त्याच्याच कामाची, ज्याच्याजवळ दुभते जनावर घेण्याइतके भांडवल किंवा पत आहे. संयमाचा खर्च प्रथम कोणावर पडतो, हे न पाहता बंदी घालणारे गाव पुढे टिकत नाही.

तिसरी गोष्ट पाणी अडविण्याची. उतारावर अडवलेला प्रत्येक थेंब पूर्वी ओढ्याने खालच्या गावाकडे जात होता. अडविणे म्हणजे निव्वळ त्याग नव्हे; त्यात थोडे घेणेही आहे. चर खणणे व बंधारा बांधणे सर्वांस आवडते, कारण त्यात कोणालाच काही सोडावे लागत नाही. म्हणून राज्यभर बंधाऱ्यांची नक्कल झपाट्याने झाली, ऊसबंदीची झाली नाही. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढविण्यात त्याचा फारसा उपयोग झाला नाही, असा अभिप्राय महालेखापरीक्षकांनी २०२० साली दिला. याचे नवल वाटावयास नको. विहिरीस पाणी आले की शेजारी शेततळे खणावे, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरावा, आणि विहिरीचे पाणी उपसून त्यात भरून ठेवावे, ही रीत नगर जिल्ह्यात आता सर्रास दिसते. सर्वांच्या कोठीतील धान्य आपल्या कणगीत नेऊन ठेवण्यासारखेच हे आहे. हिवरे बाजारचे वेगळेपण पाणी मिळविण्यात नाही. मिळाल्यावर हात आवरण्यात आहे.

गावाच्या वेशीबाहेर पडून नदीकडे पाहिले म्हणजे हा हात आवरणे किती दुर्मिळ आहे ते कळते. याच जिल्ह्याच्या पश्चिमेस प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, आणि लोणी येथे सहकारी साखर कारखाना निघाला. पुढे १९७६ साली खाली गोदावरीवर पैठण येथे जायकवाडीचे धरण झाले. पाऊस वर, धरण खाली, आणि मध्ये ऊस. दुष्काळाच्या वर्षी वरचे म्हणतात, पाणी आमच्या डोंगरावर पडले. खालचे म्हणतात, नदी आमचीही आहे. येथे आपण होऊन पाणी सोडणारे कोणी निघाले नाही. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व घातले आणि २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने वरच्या धरणांतून पाणी केव्हा सोडावे याचे आकडे ठरवून दिले. तेव्हापासून नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा वाद दुष्काळी वर्षी न्यायालयाच्या पायरीवर हटकून येतो. यात वरचे लोक दुष्ट व हिवरे बाजारचे साधू, असा भेद मुळीच नाही. नदीत सोडलेले पाणी सोडणाऱ्याकडे परत येत नाही, एवढाच काय तो भेद.

आता यापुढची पायरी म्हणजे हवा. कोळसा व तेल जाळून निघणारा वायू साऱ्या पृथ्वीच्या आकाशात मिसळतो. तेथे खडकाची लहान भांडी नाहीत; सर्व जगाची एकच समाईक विहीर आहे, आणि घरात वडील माणूस नाही. स्वीडनने १९९१ साली अशा वायूवर कर बसविला. जगाच्या एकूण धुरात त्या देशाचा वाटा शेकडा एकाच्याही पुष्कळ आत. त्याने सर्व चुली विझवल्या तरी आपल्याकडचा उन्हाळा तिळमात्र कमी होणार नाही. मग त्याने तो कर का सोसावा? आणि त्याचे कारखाने कर नसलेल्या देशात उठून गेले तर धूर तेवढाच राहील, फक्त मजुरांची भाकरी जाईल. चराईबंदीनंतर शेजारच्या डोंगरावर गेलेल्या शेळ्या त्या याच.

या शंकेला युरोपीय राष्ट्रसंघाने वेशीवर जकातीची तोड काढली. बाहेरून येणारे पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम यांच्यावर धुराच्या मानाने आकार घ्यावयाचा. २०२३ च्या ऑक्टोबरात नोंदी ठेवण्यापासून याचा आरंभ झाला आणि प्रत्यक्ष आकारणीसाठी २०२६ हे वर्ष ठरले. भारतीय पोलाद त्या बाजारात जाते, तेव्हा हा प्रश्न दूरचा राहिला नाही. आमच्या देशातील पुष्कळांस हा अन्याय वाटतो, आणि त्यात तथ्य आहे: ज्यांनी दोनशे वर्षे विहीर उपसली त्यांनी आज नव्याने आलेल्यास मोजून पाणी घ्यावयास सांगावे, आणि मोजमापही स्वतःच ठरवावे! भूमिहीनाची शेळी बंद करताना जो विचार गावाने करावयाचा, तोच विचार राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांविषयी करावयास हवा. परंतु जकात नसेल तर आत राहून संयम पाळणारा बुडतो, हेही तितकेच खरे आहे.

एकट्याच्या संयमास फळ येण्याची आणखी एक वाट आहे, आणि आम्हांस ती सर्वांत आशेची वाटते. जर्मनीने २००० साली कायदा करून सूर्यापासून केलेल्या विजेस वीस वर्षे चढा भाव बांधून दिला. त्या काळी ही वीज अतिशय महाग होती. भार तेथील गृहस्थांच्या वीजबिलांवर पडला. त्यामुळे जगाचा धूर किती कमी झाला असे विचाराल तर नगण्य. परंतु मागणी निर्माण झाली, चीनमध्ये कारखाने उभे राहिले, आणि २०१० ते २०२० या दहा वर्षांत सौर पॅनेलच्या किमती जवळजवळ नऊ दशांशांनी उतरल्या. एका देशाने स्वतःपुरता महागडा मार्ग धरला, तो मागून येणाऱ्यांस स्वस्त झाला. राळेगणने वाट पाडली नसती तर हिवरे बाजारास ती इतकी सोपी झाली नसती. आणि गावच्या जमाखर्चाची पद्धती २०१९ मध्ये निघालेल्या केंद्राच्या अटल भूजल योजनेत कितीतरी ग्रामपंचायतींस शिकविली गेली. उदाहरणाची किंमत ही अशी आहे. ती देणाऱ्याच्या वहीत पूर्ण जमा होत नाही; पण कोणीच दिली नाही तर कोणाच्याच वहीत काही जमा होत नाही.

याच गोष्टीला एक उलटा काटा आहे. जर्मन गृहस्थाच्या पैशाने स्वस्त झालेले ते पॅनेल आज नगर जिल्ह्यातील विहिरीच्या काठी उभे आहे. राज्याने २०२४ साली मागेल त्यास सौर पंप देण्याची योजना काढली. शेतकऱ्याची रात्रीची जागरणे वाचली, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. परंतु पूर्वी वीज नसे, डिझेल महाग असे, म्हणून उपसा आपोआप थांबे. सूर्य बिल पाठवीत नाही. आकाशाच्या समाईक विहिरीचे रक्षण करणारे यंत्र पायाखालची समाईक विहीर रिकामी करू शकते! आता उपसा थांबविणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे माणसांनी एकत्र बसून घातलेली मर्यादा.

म्हणून एकट्याने संयम पाळू नये काय? आमचे उत्तर असे की अवश्य पाळावा, पण डोळे उघडे ठेवून. फळ आपल्याच शिवारात राहण्याजोगे असेल तर शेजाऱ्यासाठी थांबू नये. हिवरे बाजार थांबले असते तर आजही टँकरची वाट पाहत असते. फळ बाहेर वाहून जाणारे असेल तर एकट्याचा संयम ही सुरुवात समजावी, शेवट नव्हे, आणि त्याबरोबरच शेजाऱ्याला पंगतीत आणण्याची खटपट चालू ठेवावी. आणि दोन्ही प्रसंगी, पहिला घास कोणाच्या ताटातून निघतो हे पाहावे.

नगरच्या पठारापुरते बोलावयाचे तर पुढचे काम स्पष्ट आहे. खडकाची भांडी लहान असली तरी ती ग्रामपंचायतीच्या हद्दीबरहुकूम घडलेली नाहीत. एकाच पाणलोटातील दोन-चार गावांनी मिळून समिती करावी, अशी तरतूद २००९ च्या कायद्यात आहे. आज एक गाव पाण्याचा जमाखर्च मांडते आणि त्याच ओढ्यावरचे खालचे गाव शेततळी भरते. ज्या दिवशी ही दोन गावे एकाच चावडीवर बसून एकच वही लिहितील, त्या दिवशी एकट्याच्या संयमाचे काम पुरे झाले असे म्हणता येईल. आमच्या वाचकांपैकी ज्यांची वतने, घरे, विहिरी अद्याप गावी आहेत, त्यांनी या दिवाळीत घरी गेल्यावर एवढेच विचारावे: आपल्या विहिरीतील पाणी या वर्षी कोणी मोजले काय?